शिडी परत मिळाली

अकरा महिने ती कोर्टाच्या तळघरात उभी होती.
वरून तिसऱ्या पायरीला पिवळी चिठ्ठी,
चिठ्ठीवर एक आकडा आणि माझं नाव,
तेही चुकलेलं. अव्हेलिनोचं अव्हेलिना.
दोन ठिकाणी सही घेतली
आणि म्हणाले, घेऊन जा.

चोवीस फुटी, ॲल्युमिनियमची, उजवा पाय किंचित वाकडा.
टरलॉकमधल्या कितीतरी घरांना
मी हिच्यावर उभा राहून रंग दिलाय.
त्याने ती नेली भर दुपारी,
खांद्यावर टाकून, बदामाच्या बागांमधल्या रस्त्याने.
शिडी काही खिशात लपत नाही.
शेरीफची गाडी पोचली तेव्हा
रॉयस टिलमन कालव्याच्या कठड्याला टेकून बसला होता,
शिडी शेजारी आडवी.
दोघंही दमलेली, असं तो शिपाई मला हसत हसत म्हणाला.

फोन मीच केला होता. खोटं कशाला बोलू.
धडा शिकवा हरामखोराला, असंही म्हणालो होतो.
पण माझ्या मनातला धडा केवढा?
दोन महिने. फार तर एक हिवाळा.

मग जुने कागद निघाले.
एकोणिसाव्या वर्षी, मोडेस्टोत, रात्री एका घरात शिरला.
बाविसाव्या वर्षी पेट्रोल पंपावर
चाकू दाखवून साठ डॉलर.
दोन्हींची शिक्षा भोगून झालेली,
दिवसाचा दिवस मोजून.
आता तो एकोणपन्नासचा, पुढचे दात गेलेला,
कोट कुणाचा तरी उसना.

सरकारी वकील मिस हॅल्वर्सन. वाईट बाई नाही,
मला पाणी आणून दिलं तिनं.
तिनं तीन बोटं वर केली,
पोराला आकडे शिकवताना करतात तशी.
एक घर, एक चाकू, एक शिडी.
माझी शिडी चाकूच्या पंगतीला बसवली
आणि मला साक्षीला.

न्यायाधीश म्हणाले, कायद्यानं माझे हात बांधलेत.
मी पाहिलं. हात टेबलावर मोकळे होते,
एका बोटात अंगठी.
पंचवीस वर्षं ते जन्मभर, म्हणाले,
आणि पुढची फाइल ओढली.

रात्री इल्डाला म्हटलं,
एका भिंतीचे घेतलेले पैसे
मी दुसऱ्या भिंतीच्या बिलात पुन्हा लावले
तर गिऱ्हाईक मला दारात उभं करेल का?
ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली,
भिंत पुन्हा चोरी करत नाही, अव्हेलिनो.

ते खरंच आहे.
आणि मोडेस्टोची ती बाईही खरी आहे,
मिसेस वॉर्नेके, ऐंशीच्या पुढची, चाकाच्या खुर्चीत.
तीस वर्षं मी दिवा लावून झोपते, म्हणाली.
कोर्टात कुणी खोकलंसुद्धा नाही.
तिच्या वाक्यापुढे माझ्याकडे शब्द नव्हता,
आजही नाही.
फक्त हे तिला कुणी विचारलं नाही,
मीही नाही,
की शिडीच्या पंचवीस वर्षांनी
तिचा दिवा विझणार आहे का.

शिक्षा ऐकून रॉयस वळला, माझ्याकडेच.
वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.
तो म्हणाला,
उजव्या पायाखाली फळी ठेवत जा,
सरकते ती.

काल चर्चच्या पन्हळीखाली उभी केली.
फळी ठेवली.
पिवळी चिठ्ठी केव्हाच खरवडून काढलीय,
थिनरनं पुसलं, मग रॉकेलनं.
गोंद जात नाही.
वर चढताना तिसऱ्या पायरीवर हात पडला
की तो क्षणभर तिथंच चिकटतो.